वाचकांचे प्रश्न : खरवसासारखा मेंदू, आजीच्या मोदकाच्या कळ्या आणि पित्त नसलेली चक्कर

मेंदूबद्दल काय विचारायचं ते विचारा असं मागच्या अंकात म्हटलं होतं आणि खरंच भरभरून प्रश्न आले, सगळे घेणं शक्य नाही म्हणून सहा निवडलेत. बावीस वर्षं मेडिकलच्या मुलांना अॅनाटॉमी शिकवतेय. तुमचे प्रश्न वाचताना एक गोष्ट लक्षात आली, सगळ्यांना बुद्धी, आठवण, एकाग्रता याबद्दल विचारायचंय, म्हंजे मेंदूचं जे काम आपल्याला कळतं तेवढ्याबद्दलच. पण मेंदूचं बरंचसं काम आपल्याला न सांगता, न विचारता चाललेलं असतं, आणि ते बिघडलं तरी ते मेंदूचं आहे हे घरात कुणाच्या डोक्यात येत नाही. त्यामुळे आज मी उत्तरांमध्ये सारखी तिकडेच वळणार आहे.

मॅडम, मी दहावीत आहे. प्रमस्तिष्क, अनुमस्तिष्क, मस्तिष्कपुच्छ सगळं पाठ आहे, आकृती पण न बघता येते. पण खरा मेंदू हातात घेतला तर कसा लागतो? आणि अनुमस्तिष्काचं काम फक्त "तोल सांभाळणे" एवढंच का लिहायचं? — एक विद्यार्थिनी, तासगाव

बाळा, तुझा प्रश्न वाचून फार बरं वाटलं. खरवस खाल्लायस ना, चिकाचा, नुकताच कुकरमधून उतरवलेला आणि अजून कोमट असलेला? ताजा मेंदू हाताला तसा लागतो. बोट ठेवलं की दबतो, आणि ताटात नुसता ठेवला तर स्वतःच्याच वजनाने थोडा बसतो, पसरतो. आमच्या कॉलेजात मुलांना मिळतो तो फॉर्मॅलिनमध्ये मुरवलेला असतो, तो पनीरसारखा घट्ट आणि करडा-पिवळट होतो, म्हणून कित्येक डॉक्टरांच्या डोक्यातही मेंदू म्हंजे घट्ट गोळा असंच चित्र राहतं. जिवंत मेंदू गुलाबीसर असतो, वरून रक्तवाहिन्यांचं जाळं, आणि ठोक्याबरोबर हलकेच हलतो.

मग एवढी नाजूक वस्तू आपण धावतो, उड्या मारतो, एसटीच्या मागच्या सीटवर आदळतो तरी टिकते कशी? कारण ती पाण्यात तरंगतेय. कवटीच्या आत तीन आवरणं आहेत, सगळ्यात बाहेरचं जाड चामड्यासारखं, मधलं कोळ्याच्या जाळ्यासारखं, आतलं दुधावरच्या पातळ सायीसारखं मेंदूला अगदी चिकटलेलं, आणि मधल्या नि आतल्या आवरणाच्या मध्ये स्वच्छ पाण्यासारखा द्रव. एका वेळी तो साधारण १५० मिली असतो, पण दिवसाला जवळजवळ अर्धा लिटर नवा तयार होतो आणि जुना रक्तात शोषला जातो. विहिरीत बुडवलेली कळशी कशी हलकी लागते, तसं १३०० ते १४०० ग्रॅमच्या मेंदूचं वजन या द्रवात जेमतेम ५० ग्रॅम एवढंच भासतं.

घरी मटण खात असाल तर बाबांना शेळीचा भेजा आणायला सांग आणि शिजवायच्या आधी दहा मिनिटं तुझ्याकडे घे. तो आपल्यापेक्षा फारच छोटा, शंभर ग्रॅमच्या आसपास, पण रचना तीच. वरच्या घड्या दिसतील, मधोमध खाच दिसेल, खाच हलक्या हाताने उघडलीस तर तळाशी दोन्ही अर्ध्यांना जोडणारा पांढरा पट्टा दिसेल, माणसात या पट्ट्यात वीसेक कोटी तंतू असतात. सुरीने आडवा काप घेतलास तर बाहेरच्या कडेला करड्या रंगाची पातळ पट्टी आणि आत पांढरं. करड्यात पेशी, पांढऱ्यात त्यांचे तंतू. आपल्या मेंदूतली ही करडी पट्टी जेमतेम दोन ते चार मिलिमीटर जाड असते, आणि घड्या आहेत त्या तिच्यासाठीच, म्हंजे मोठी चादर लहान डब्यात कोंबायची तर चुरगाळूनच कोंबावी लागते ना.

आता तुझं अनुमस्तिष्क. आम्ही लहान मेंदू म्हणतो, डोक्याच्या मागे खाली, मानेच्या जरा वर. शाकाहारी असाल तर फ्लॉवरचा गड्डा घे आणि देठासकट उभा मधोमध काप, पांढरा दांडा, त्याला फांद्या, फांद्यांना बारीक फांद्या आणि कडेला दाणेदार कळ्या. लहान मेंदू उभा कापला की अगदी असंच झाड दिसतं. वजन बघशील तर पूर्ण मेंदूच्या दहाव्या हिश्श्याएवढं. पण ब्राझीलच्या शास्त्रज्ञ सुझाना हर्क्युलानो-हाउझेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये मेंदूतल्या पेशी मोजल्या, मेंदूचे भाग चक्क घोळून त्याचं एकजीव पातळ द्रावण केलं आणि त्यातली पेशीकेंद्रं मोजली. तोवर सगळी पुस्तकं १०० अब्ज चेतापेशी लिहायची, त्यांना ८६ अब्ज मिळाल्या, म्हंजे ८६०० कोटी. आणि त्यातल्या जवळजवळ ६९०० कोटी एकट्या लहान मेंदूत! वरच्या सुरकुत्यांच्या मोठ्या मेंदूच्या करड्या थरात, ज्याच्यावर आपण विचार करतो, बोलतो, गणितं सोडवतो, तिथे फक्त १६०० कोटी.

एवढ्या पेशी कशाला लागतात ते आत्ता बघ. हे मासिक डोळ्यांसमोर स्थिर धर आणि मान भराभर डावीउजवीकडे हलवत ही ओळ वाच. वाचता येते. आता मान स्थिर ठेव आणि मासिक त्याच वेगाने हलव. अक्षरं पुसट होतात. मान हलवली तेव्हा कानाच्या आतल्या भागाने हालचाल टिपली, मेंदूच्या दांड्याने, म्हंजे मेंदूला मज्जारज्जूशी जोडणाऱ्या खालच्या भागाने, डोळ्यांना बरोबर उलट दिशेला तेवढंच फिरवलं, आणि किती फिरवायचं हे माप बिनचूक ठेवायचं काम लहान मेंदूचं, आयुष्यभर रोज. तुला यातलं काही जाणवलं का? नाही ना. परीक्षेत "तोल सांभाळणे व ऐच्छिक हालचालींत सुसूत्रता आणणे" असंच लिही, मार्क त्यालाच आहेत, पण मनात हे असू दे.

आपण मेंदूचा फक्त दहा टक्के भाग वापरतो हे खरं का हो? प्रत्येक मोटिव्हेशनल स्पीकर सांगतो. — निवृत्त बँक कर्मचारी, नागपूर

खरं नाही. मेंदू वजनाने शरीराच्या दोन टक्के, पण आपण नुसते बसलेलो असताना जी ऊर्जा खर्च होते तिच्यातली वीस टक्के तो एकटा खातो, आणि झोपेतही त्याची भूक फारशी कमी होत नाही. नव्वद टक्के रिकामं पडून असलेलं काहीतरी शरीर इतक्या खर्चाने कशाला पोसेल? रक्तपुरवठा थांबला की दहाएक सेकंदात शुद्ध हरपते, चार-पाच मिनिटांत कायमचं नुकसान सुरू होतं. आणि माझ्या कामातला पुरावा सांगते, मेंदूत असा एकही मोठा कोपरा मला दाखवता येणार नाही जिथे इजा झाली तर काहीच फरक पडत नाही. दहा टक्के वापरतो असं वाटतं कारण आपल्याला जाणवतं तेवढंच आपण मोजतो.

मी इलेक्ट्रिकल डिप्लोमाला आहे. मेंदूत करंट असतो म्हणतात, मग त्याला वायर कुठली, व्होल्टेज किती, आणि ओलं असून शॉर्ट सर्किट कसं होत नाही? — एक विद्यार्थी, नाशिक

व्होल्टेजपासून सुरू करू. चेतापेशीच्या पडद्याच्या आत नि बाहेर साधारण ७० मिलिव्होल्टचा फरक असतो, आतली बाजू ऋण. हा फरक मिठाचा आहे, म्हंजे बाहेर सोडियम जास्त, आत पोटॅशियम जास्त, आणि पडद्यावरचे पंप दिवसरात्र सोडियम बाहेर फेकतात नि पोटॅशियम आत ओढतात. वरच्या उत्तरात ऊर्जेचं म्हटलं ना, त्यातला मोठा वाटा हे पंप चालवण्यातच जातो. निरोप जायचा असतो तेव्हा पडद्यातली बारीक दारं उघडतात, सोडियम आत घुसतं, तेवढ्या जागेचं व्होल्टेज उलटतं, त्यामुळे शेजारची दारं उघडतात, मग त्याच्या शेजारची, अशी लाट पुढे पुढे जाते. तुमच्या तांब्याच्या वायरीत इलेक्ट्रॉन वाहतात तसं इथे टोकापासून टोकापर्यंत काही वाहत जात नाही, पंढरीच्या वाटेवर हातोहात कळशी पुढे देतात तसं. इन्सुलेशन पण आहे, मायलीन नावाचा चरबीचा थर, मेंदूचा पांढरा भाग पांढरा दिसतो तो याच्यामुळेच. मायलीनवाल्या जाड तंतूत निरोप सेकंदाला शंभर मीटरच्या वर जातो, बिनमायलीनच्या बारीक तंतूत सेकंदाला मीटरभर.

हा फरक तू स्वतः अनुभवलायस. तव्याला बोट लागलं की हात आधी मागे येतो, मेंदूला कळायच्या आधी, कारण तो निर्णय मज्जारज्जूतच होतो. मग चटका जाणवतो, तीक्ष्ण, नेमक्या जागी. आणि मग जरा वेळाने आग आग सुरू होते, पसरट, रेंगाळणारी. चटक्याचे तंतू मायलीनवाले आणि आगीचे बिनमायलीनचे, म्हणून एकाच तव्याच्या दोन बातम्या मागेपुढे पोचतात.

आता शॉर्ट सर्किट. पेशी एकमेकींना चिकटलेल्याच नसतात! मध्ये फट असते, साधारण २० नॅनोमीटर, म्हंजे केसाच्या जाडीच्या काही हजाराव्या भागाएवढी, आणि बहुतेक ठिकाणी ही फट वीज ओलांडत नाही. अलीकडची पेशी रसायनाची पुडी फोडते, पलीकडची ते रसायन ओळखते आणि मग तिच्यात नवीन लाट उठायची की नाही ते ठरतं. डोपामिन डोपामिन म्हणून जे रील्समध्ये ऐकतोस ते अशाच पुड्यांपैकी एक.

ही फट आहे की नाही यावर मोठं भांडण झालं होतं, त्याची गोष्ट मला फार आवडते. इटलीत आब्बियातेग्रास्सो नावाच्या गावात दवाखान्याच्या एका स्वयंपाकघराची प्रयोगशाळा करून कमिल्लो गॉल्जी काम करायचे. १८७३ मध्ये त्यांनी मेंदूचे तुकडे एका क्षारात कडक करून सिल्व्हर नायट्रेटमध्ये टाकले, आणि शेकडो पेशींमधल्या अगदी मोजक्याच पण पूर्ण, फांद्या-मुळांसकट काळ्याभोर उमटल्या. त्याआधी मायक्रोस्कोपखाली नुसता गुंता दिसायचा. स्पेनच्या सांतियागो रामोन इ काहाल यांनी हीच पद्धत सुधारून वापरली आणि हजारो चित्रं काढली, आणि त्यांना दिसलं की प्रत्येक पेशी स्वतंत्र आहे. गॉल्जी शेवटपर्यंत म्हणत राहिले की सगळं एकसंध जाळं आहे. १९०६ चं नोबेल दोघांना मिळून दिलं आणि तिथे भाषणातही गॉल्जींनी काहालांचं म्हणणं खोडून काढायचा प्रयत्न केला. फट डोळ्यांनी दिसली ती १९५० च्या दशकात, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप आल्यावर. काहाल बरोबर होते, पण ते बघायला दोघांपैकी कोणीच नव्हतं.

आमच्या इथे मिडब्रेन अॅक्टिव्हेशनचा क्लास आहे, डोळ्यांवर पट्टी बांधून मुलं पुस्तक वाचतात, मी स्वतः बघितलं. फी बरीच आहे. मुलाला घालू का? — एक आई, पिंपरी

नका घालू. मिडब्रेन म्हंजे मध्यमस्तिष्क, मेंदूच्या दांड्याचा वरचा भाग, लांबीला जेमतेम दोन सेंटिमीटर. त्याची कामं ठरलेली आहेत, डोळे वळवणं, आवाज आला की मान तिकडे नेणं, बाहुली लहानमोठी करणं, आणि तिथल्या काळसर पट्ट्यातल्या पेशी मेल्या की कंपवात होतो, म्हंजे पार्किन्सन्स. मुलाला अंधाऱ्या खोलीत दोन मिनिटं समोर बसवा, मग दिवा लावा आणि त्याच्या डोळ्यांच्या बाहुल्या कशा झटकन लहान होतात ते बघा. ते काम मध्यमस्तिष्काने केलं, जन्मापासून करतोय, त्याला कुणी चालू करून द्यायची गरज नाही.

पट्टीचं म्हणाल तर नाकाच्या दोन्ही बाजूंना फट राहते आणि खाली धरलेलं त्या फटीतून दिसतं. मंगळूरचे नरेंद्र नायक आणि इतर विवेकवादी कार्यकर्त्यांनी हे जाहीरपणे दाखवून दिलंय, फट नीट बंद केली की वाचन बंद. मला फीपेक्षा दुसरी गोष्ट जास्त लागते हो. दहा वर्षांच्या मुलाला माहीत असतं की आपण फटीतून बघतोय, आणि समोर आईबाबा टाळ्या वाजवत असतात. त्याला खोटं टिकवायला लावतो आपण. त्या पैशात त्याला पोहायला घाला किंवा तबला शिकवा, लहान मेंदूला खरा व्यायाम होईल.

माझी आजी ८१ वर्षांची आहे. सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवत नाही, मी कधी आले ते विसरते, तेच तेच विचारते. पण गणपतीत उकडीच्या मोदकांच्या कळ्या एकवीसच्या एकवीस सुबक पाडल्या आणि हरिपाठ तोंडपाठ म्हणते. बाबा म्हणतात ती सोयीप्रमाणे विसरते, नाटक करते. मला तसं वाटत नाही. — नात, रत्नागिरी

तुझं बरोबर आहे. आजी नाटक करत नाहीये, आणि हे उत्तर बाबांना वाचून दाखव.

आठवण ही एक वस्तू नाही आणि एका कपाटात नसते. हे आपल्याला कळलं ते बरंचसं अमेरिकेतल्या एका माणसामुळे, हेन्री मोलेसन. त्याला फिट्सचा फार त्रास होता, औषधाने थांबत नव्हत्या, म्हणून १९५३ मध्ये, तो २७ वर्षांचा असताना, विल्यम स्कोव्हिल नावाच्या सर्जनने त्याच्या मेंदूतला दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस बराचसा काढून टाकला. हिप्पोकॅम्पस म्हंजे कानाच्या आतल्या बाजूला, मोठ्या मेंदूच्या कुशीत असलेली करंगळीएवढी वळलेली वळी, समुद्रघोड्यासारखी दिसते म्हणून ते नाव. फिट्स कमी झाल्या. पण त्यानंतर त्याच्या आयुष्यात नवीन काही टिकेना. डॉक्टर बोलून खोलीबाहेर गेले आणि परत आले की तो पहिल्यांदा भेटल्यासारखा भेटायचा. लहानपणचं आठवायचं, शब्द येत होते, बुद्धी चांगली होती, विनोद कळत होते.

माँट्रियालच्या ब्रेंडा मिल्नर त्याला तपासायला जायच्या. एकदा त्यांनी त्याला दुहेरी रेघांची चांदणी दिली, त्या दोन रेघांच्या मधून पेन्सिल फिरवायची, पण हाताकडे थेट बघायचं नाही, आरशात बघून. करून बघा, हात सारखा उलट जातो, आपण चिडतो. हेन्रीचाही आधी गेला. तीन दिवस तो हे करत होता आणि रोज त्याचा हात सुधारत गेला, शेवटी रेघ छान सरळ येऊ लागली. आणि दर दिवशी त्याला वाटायचं की हे आपण आयुष्यात पहिल्यांदाच करतोय.

म्हंजे हात शिकला आणि माणसाला पत्ताच नाही. हाताच्या सवयीची आठवण वेगळ्या ठिकाणी राहते, मेंदूच्या पोटातल्या बेसल गँग्लियात, लहान मेंदूत, हालचालींच्या पट्ट्यात. ती हिप्पोकॅम्पसवर अवलंबून नाही. आता आजीचे हात बघ. पारीला अंगठा आतून, पहिलं बोट नि मधलं बोट बाहेरून, चिमूट, जरासं फिरवायचं, पुन्हा चिमूट, बोट तेलपाण्यात बुडवायचं तेही मधेच आपोआप. उकड कोरडी झाली असेल तर बोटाला कळतं, तोंडाने सांगता येणार नाही. साठ-सत्तर वर्षांचं ते शिक्षण आहे आणि ते जिथे आहे तिथे अजून शाबूत आहे. हरिपाठ लहानपणापासूनचा, इतक्या वेळा म्हटलेला की तो आता वरच्या करड्या थरात ठिकठिकाणी पसरून पक्का झालाय. पण आज सकाळचे पोहे? ते साठवायला हिप्पोकॅम्पस लागतो, आणि अल्झायमरसारख्या आजारात सगळ्यात आधी झिजतो तो साधारण तोच भाग.

आजीला अल्झायमर आहे असं मी इथून म्हणणार नाही, म्हणूही नये. आधी डॉक्टरांना दाखवा. बी-ट्वेल्व्ह कमी असणं, थायरॉइड, मनातली उदासी, झोपेच्या गोळ्या, कमी ऐकू येणं, यातल्या कशानेही विसरणं वाढतं आणि यातलं बरंच सुधारता येतं. विसरणं एकदोन दिवसांत अचानक वाढलं, असंबद्ध बोलू लागल्या तर थांबू नका, साधं लघवीचं इन्फेक्शनही म्हाताऱ्या माणसात असं करतं. आणि घरात एक करा, "सांग बघू सकाळी काय खाल्लं" ही परीक्षा घेणं बंद करा. जे आत शिरलंच नाही ते ती कुठून काढणार? तिला कळ्या पाडू द्या, गणपती नसतानाही. भाजी निवडायला द्या, वाती वळायला द्या. तिथे ती चुकत नाही आणि तिथे तिच्या चेहऱ्यावर जे येतं ते तू बघितलंच असशील.

बाबांना सकाळी उठल्यावर जोरात चक्कर आली आणि उलट्या झाल्या. आई म्हणाली पित्त झालं, लिंबू सरबत दिलं, दुपारी बरे झाले. पण पुन्हा झालं तर? पित्त आहे की काय कसं ओळखायचं? — एक मुलगा, बार्शी

बहुतेक वेळा अशी चक्कर कानाच्या आतल्या बिघाडाची असते आणि जिवावरची नसते, हे आधी सांगते, घाबरू नकोस. तरी बाबांना एकदा बीपी, शुगर आणि डॉक्टर हे करून आण. पण हा प्रश्न मी शेवटी ठेवलाय कारण तो माझ्या घरात घडलाय.

माझे मामा कराडच्या बाजूला असतात, तेव्हा ६१ वर्षांचे होते. पहाटे साडेसहाला गोठ्यात धार काढून उठले आणि सगळं गरगरलं, चरवी हातातून पडली. उलटी झाली, घामाने भिजले, उभं केलं की डावीकडे कलंडायचे. मामी म्हणाली पित्त उसळलं, रात्री वांग्याचं भरीत खाल्लं होतं. गावातल्या दवाखान्यात नेलं, तिथेही पित्ताचं इंजेक्शन दिलं, सलाईन लावली आणि घरी जाऊन झोपा म्हणाले. हातपाय हलत होते, तोंड वाकडं नव्हतं, त्यामुळे लकवा कुणाच्या मनात येणं शक्यच नव्हतं. अकराला मामीचा फोन आला की बोलणं जड येतंय, प्यायल्यासारखं, आणि ते तर थेंब घेत नाहीत. मी तिला म्हटलं त्यांना सांग, हात लांब कर आणि पहिलं बोट नाकाच्या शेंड्याला लाव. उजवा हात लागला. डावा गालावर गेला, पुन्हा लाव म्हटलं तर कानाकडे. तिथेच मला कळलं. लहान मेंदूच्या डाव्या बाजूचा स्ट्रोक, म्हंजे आपण लकव्याचा झटका म्हणतो तोच. लहान मेंदू ज्या बाजूचा बिघडतो त्याच बाजूचा हातपाय चुकतो, मोठ्या मेंदूसारखं उलट नाही.

शहरात पोचून एमआरआय होईपर्यंत संध्याकाळ झाली. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन सुरुवातीपासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, ती वेळ सकाळी अकरालाच संपली होती, म्हंजे फोन आला तेव्हाच. मोठ्या रक्तवाहिनीतली गुठळी तारेने काढता येते, त्याला काही पेशंटमध्ये जास्त वेळ मिळतो, पण त्यांच्यात ते बसत नव्हतं. पुढचे चार दिवस आयसीयूत काढले कारण लहान मेंदूला सूज आली तर जागा फार अरुंद असते, समोरच श्वासाचं केंद्र असलेला दांडा असतो, तो दाबला गेला तर माणूस जातो. ते झालं नाही, एवढं नशीब. मला आजही वाईट वाटतं की मी हजार मुलांना लहान मेंदू शिकवला पण मामीला कधी दोन वाक्यं सांगितली नव्हती.

म्हणून तुला सांगते, तू आईला सांग. चक्कर अचानक आली आणि तिच्याबरोबर यातलं एक जरी दिसलं, आधाराशिवाय बसता किंवा उभं राहता येत नाही, एकाच बाजूला तोल जातो, एका वस्तूच्या दोन दिसतात, बोलणं जड होतं, बोट नाकाला लागत नाही, नवीनच भयंकर डोकं दुखतं, तोंड वाकडं होतं, एका बाजूचा हातपाय लुळा पडतो, तर ते पित्त समजायचं नाही. सरबत द्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही, गिळणं बिघडलेलं असू शकतं आणि पाणी श्वासनलिकेत जातं. घरातली रक्त पातळ करायची गोळी आपल्या मनाने द्यायची नाही, कारण काही स्ट्रोक गुठळीचे असतात तसे काही रक्तस्रावाचे असतात आणि सीटी स्कॅन झाल्याशिवाय कुणालाच सांगता येत नाही कुठला आहे. अमक्या गावी लकव्याचं झाडपाल्याचं औषध मिळतं म्हणून तिकडे गाडी वळवायची नाही. १०८ ला फोन करायचा आणि जिथे सीटी स्कॅन आणि स्ट्रोकचं इंजेक्शन दोन्ही आहे अशाच हॉस्पिटलला जायचं, ते आपल्यापासून कुठे आहे हे आजच विचारून ठेव. मोठ्या रक्तवाहिनीच्या स्ट्रोकमध्ये मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी मरतात असा हिशेब आहे. आणि पहिला सीटी नॉर्मल आला म्हणून लगेच घरी येऊ नका, लहान मेंदूचा स्ट्रोक सुरुवातीच्या सीटीत बऱ्याचदा दिसत नाही, एमआरआयबद्दल विचारा.

आणखी एक, माणूस शेवटचा ठीक कधी दिसला ती वेळ कागदावर लिहून बरोबर घ्या. डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात आणि त्या गडबडीत घरातली चार माणसं चार वेगवेगळ्या वेळा सांगतात.

मामा आता काठी घेऊन चालतात. दीड वर्ष रोज फिजिओ केली, एका रेषेत पाऊल पुढे पाऊल, भिंतीला हात लावून, अंगणात चुन्याची रेघ मारून दिली होती मुलाने. डाव्या हाताने चहाचा कप अजून धरत नाहीत, सांडतो. धार मात्र काढतात, बसून, दोन्ही हातांनी, आणि म्हणतात की त्या वेळेला हात थरथरत नाही.